आधी पोथी, मग सोंग

सुरुवातीलाच माफी मागून घेते. शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं याचा माझा कायमचा गोंधळ, आणि अक्षर असं, की लेक म्हणते, “आई, तुझ्या ओळी पाण्याला निघालेल्या मेंढरांसारख्या आहेत. निघताना रांगेत आणि पोचताना सगळ्या एका कोपऱ्यात.” ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना हे वाचता येणार नाही, आणि ज्यांना वाचता येतं त्यांना दाखवायची माझी हिंमत नाही. तरी माफी मागून ठेवलेली बरी. तर सांगायचं असं, की आमच्या मोठ्या जाऊबाईंइतकं पुस्तकाला मानणारं माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. आणि त्यांना अक्षरओळख अजिबात नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या हातची भाकरी कशी होते हे कुणी विचारायच्या आधी जाऊबाईंनी विचारलं होतं, “धाकले, वाचाय येतं का?” मी मान खाली घालून म्हटलं, “चौथी झाली.” त्यांनी लगेच सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, “मंग झालं की! श्रावणात पोथीला आता त्या कोपऱ्यावरल्या घरी जायचं काम न्हाई.” बांगड्यावाल्यानं नाव विचारलं तरी मी आत पळून जाणारी. चार बायकांत मोठ्यानं वाचायचं म्हणजे माझ्यासाठी विहिरीत उडी मारण्यासारखं होतं. पहिल्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा जाऊबाई उठल्या, त्यांनी माझा पाट उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. म्हणाल्या, “भिताडाला वाचून दाखव. आमी आपल्या मागं बसून ऐकतो.” तेव्हापासून मी भिंतीलाच वाचून दाखवते. त्या भिंतीचं आतापर्यंत बरंच शिक्षण झालेलं आहे.

जाऊबाईंचे वाचनाचे नियम कडक. पुस्तक पाटावर, खाली लाल कापड, उदबत्ती लावलेली. ऐकणाऱ्यानं टेकून बसायचं नाही. ओळ संपली की “हं” म्हणून हुंकार द्यायचा, कारण हुंकार नाही दिला तर सांगणारा थांबतो. आणि अध्याय अर्धा सोडायचा नाही, मग बाहेर काहीही होवो. एकदा नणंदेच्या घरचे पाहुणे लग्नाचं आवतण घेऊन आले, तर त्यांना अक्षता हातात धरून अंगणातल्या उन्हात उभं राहावं लागलं, कारण आत अध्यायाची तीन पानं राहिली होती. एकदा चुलीवरची डाळ करपली. जाऊबाई डोळे मिटून “हं” म्हणत राहिल्या, अध्याय संपला, मग शांतपणे म्हणाल्या, “डाळ गेली वाटतं.”

घरातल्या पोथ्या दोन-तीनदा झाल्या, तेव्हा लेकीनं अंबाजोगाईच्या वाचनालयातून गोष्टींची पुस्तकं आणायला सुरुवात केली. मला वाटलं, आता पाट आणि उदबत्ती सुटेल. छे! जाऊबाईंच्या लेखी छापलेलं ते सगळं पोथीच. कादंबरीच्या पहिल्या पानाला हळदीकुंकू वाहिलं. समाप्तीला शिरा केला. वाचनालयातले गृहस्थ लेकीला म्हणाले, “तुमच्या घरून आलेल्या पुस्तकाला देवघराचा वास येतो. ठेवताना मला चप्पल काढावीशी वाटते.” नंतर हळदीचे डाग बघून त्यांनी हात जोडले, तेव्हापासून हळदीकुंकू पुस्तकाऐवजी पाटाला लागायला लागलं.

त्या कादंबऱ्यांत प्रेमाबिमाच्या जागा येत. मी त्या हळूच ओलांडून पुढच्या परिच्छेदावर जायची. पहिल्याच खेपेला मागून आवाज आला, “थांब. आत्ता ती चुलीपाशी हुती, लगीच अंगणात कशी गेली?”

मी म्हटलं, “गेली असेल चालत, अक्का.”

“चालत गेली, पर मधी काय झालं? पोथीतलं गाळत न्हाईत. पाप लागतंय. वाच!”

मग मी कानापर्यंत लाल होऊन ते भिंतीला वाचून दाखवलं. जाऊबाईंनी प्रत्येक वाक्याला जसा एकादशीच्या कथेला द्यावा तसा गंभीर हुंकार दिला, आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, “पोरगी चांगल्या घरची हाय, पर घाई केली.”

पुस्तकातल्या प्रत्येक माणसाला त्या ओळखीतलं एक तोंड देऊन टाकत. एका कादंबरीत एक कपटी सावकार होता, त्याला त्यांनी आमच्या गिरणीवाल्याचं तोंड दिलं. बिचारा गिरणीवाला देवमाणूस, पण भुवया जाड. झालं! कादंबरी चालू होती तोवर जाऊबाई ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन दुसऱ्या वस्तीवरच्या गिरणीत जायला लागल्या. शेवटी गिरणीवालाच घरी आला. दारात उभा राहून म्हणाला, “वैनी, माझं काय चुकलं? पीठ जाडं आलं का?”

जाऊबाई म्हणाल्या, “पिठाचं कावून इचारता? त्या गरीब पोरीचं शेत कुणी लाटलं, ते सांगा आधी.”

“कोन्ती पोरगी? कोन्तं शेत?” तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी पदर तोंडाला लावून आत पळाले. पुढं शेवटच्या अध्यायात त्या सावकाराला पश्चात्ताप होऊन त्यानं शेत परत केलं, तेव्हा जाऊबाईंनी गिरणीवाल्याच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या आणि निरोप दिला, “मागचं सोडून दिलंय म्हनावं.” त्या माणसाला आजतागायत काही कळलेलं नाही, पण पोळ्या चांगल्या होत्या असं तो सांगतो.

या तोंडं देण्याच्या सवयीतूनच त्यांचा सिनेमाचा नियम निघाला. एका पुस्तकाचा सिनेमा त्यांनी टीव्हीवर आधी बघितला आणि पुस्तक मागाहून ऐकलं. पुस्तकातली बाई चांगली दणकट, दोन हंडे घेऊन चढ चढणारी. सिनेमातली वाऱ्यानं उडेल अशी. जाऊबाई चिडून गेल्या. “मी त्या दांडग्या बाईला बोलावतेय अन् ती काटकुळीच मधी येऊ लालीय! सिनिमा आधी बघितला की पुस्तकातल्या मानसाला दुसऱ्याचं तोंड चिकटतंय. मंग धुतलं तरी निघत न्हाई.” त्या दिवसापासून घरात कायदा झाला, आधी पोथी, मग सोंग. सिनेमा नाटक सगळं त्यांच्या भाषेत सोंगच. लेक सुट्टीत मोबाईलवर काही बघत बसली की जाऊबाई विचारणार, “ह्याचं पुस्तक हाय का? वाचलंस का?” आणि नाही म्हटलं की मोबाईल थेट ज्वारीच्या कोठीत. एकदा तो कोठीतच वाजायला लागला तर शेजारीण भूत समजून ओरडली होती.

आता जे सांगायचं आहे ते दोन वर्षांपूर्वीचं. लेकीनं एक जुनी, पिवळी पडलेली कादंबरी आणली. आपल्याच भागातल्या एका मास्तरांनी लिहिलेली. मास्तर वारले त्याला बरीच वर्षं झाली. गोष्ट होती मेंढरं घेऊन लांब मुलखात गेलेल्या एका माणसाची आणि इकडं त्याची वाट बघणाऱ्या बायकोची. दुसऱ्याच पानावर वाक्य होतं, ‘तो तोंड मिटून हसायचा.’ मी वाचलं आणि थांबले, कारण मागून हुंकार आला नाही. वळून बघितलं तर जाऊबाई माझ्याकडं नाही, दाराकडं बघत होत्या. म्हणाल्या, “परत वाच.” मी परत वाचलं. “ह्यो तर आपल्या घरचा मानूस हाय,” त्या म्हणाल्या. “तुझं भावजी असंच हसायचं. पुढचा दात बैलानं पाडल्ता ना, म्हणून तोंड उघडत नसत.”

मोठे भावजी मी कधीच बघितले नाहीत. माझं लग्न व्हायच्या आधी ते मेंढरं घेऊन गोदावरीकाठी गंगथडीला गेले आणि तिकडेच तापानं गेले. निरोप आला, मेंढरं आली, माणूस आलं नाही. त्यांचा फोटो म्हणावा तर लग्नातला एकच, आणि त्यात फोटोवाल्यानं मुंडावळ्यांचं एकेक फूल ठळक काढलंय. फुलांच्या मागं कुणीतरी उभं आहे एवढंच कळतं. जाऊबाईंचं म्हणणं, भावजी त्या क्षणी हसू दाबत होते. आम्हाला फुलं दिसतात.

त्या कादंबरीचे दिवस घरात वेगळेच गेले. जाऊबाई वाचनाच्या आधी तोंड धुऊन, केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून बसत. वाचताना भावजी त्या पानांमधून चालत असत. नदीकाठी उतरले, कुत्र्याला भाकरी घातली, पावसात घोंगडी पांघरून उभ्यानं रात्र काढली. मी वाचत असे आणि जाऊबाई मधेच सांगत, “असंच करायचं. सोताच्या आधी कुत्र्याला.” मला दोन पुस्तकं एकदम वाचल्यासारखं व्हायचं. आणि आता तो माणूस परत निघाला, गावची शीव जवळ आली, मी पान उलटलं. ‘त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि’ एवढ्यावर पान संपलं. पुढं पुठ्ठा. शेवटची पानं कधीची गळून गेली होती.

“आणि काय?” जाऊबाई म्हणाल्या.

“पान नाही, अक्का.”

“मंग त्यो आला का न्हाई घरी?”

मी पुठ्ठा उलटून बघितला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. लेकीनं वाचनालयात विचारलं, बीडला विचारलं, लातूरला मैत्रिणीकडून विचारलं. पुस्तक कुठंच मिळेना. अपुरी पोथी घरात ठेवू नये म्हणतात, आणि समाप्ती झाल्याशिवाय पाट उचलू नये. पाट तसाच मांडलेला, त्यावर ते पुस्तक, आणि जाऊबाई येता-जाता त्याच्याकडं बघणार. आणि नेमका तेव्हाच अंबाजोगाईच्या थेटरात त्या कादंबरीवरचा सिनेमा लागला.

लेक आनंदानं दोन तिकिटांचे पैसे घेऊनच आली. “मोठीआई, चला. शेवट कळेल.”

जाऊबाई पाटावरचं पुस्तक पदरानं पुसत बसल्या. मी समजले. युसूफ वडगावच्या स्टँडवर त्या सिनेमाचं पोस्टर आम्ही दोघींनी बघितलेलं होतं. नायक गोरापान, आणि हसताना त्याचे सगळे दात दिसत होते. जाऊबाईंनी तिथंच पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता आणि एसटीत बसेपर्यंत माझा हात धरून आंधळ्यासारख्या चालल्या होत्या. घरी आल्यावर हळूच म्हणाल्या होत्या, “धाकले, फोटू न्हाई आपल्याकडं. जे हाय ते माझ्या डोळ्यात हाय. त्या दातवाल्याचं तोंड चिकटलं तर मी कुठनं आणू परत?”

लेक म्हणाली, मी बघून येते आणि सांगते. ते त्यांना पटेना. सांगोवांगी समाप्ती होत नाही, स्वतः बसून ऐकावी लागते. चार दिवस त्या विचार करत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “चल. जायचं. ऐकाय जायचं, बघाय न्हाई.”

थेटरात दुपारच्या खेळाला निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. दिवे गेले, तसा जाऊबाईंनी पदर डोळ्यांवर दुहेरी बांधला, पाठ खुर्चीला न टेकता ताठ बसल्या आणि पहिल्या वाक्याला खणखणीत हुंकार दिला, “हं!” मी खुर्चीत खाली सरकले. दुसऱ्या वाक्याला पुन्हा “हं!” पडद्यावर कुणी काही बोललं की इकडून पावती. मधे मधे शेरे होतेच. “हे पुस्तकात न्हाई.” “गानं कावून म्हनू लालेत, मेंढरं कोन बघतंय?” मागं कॉलेजची पोरं बसली होती. त्यातला एक म्हणाला, “ओ मावशी, हं हं कावून करू लाल्यात? आन् डोळे बांधून कोन सिनेमा बघतंय?”

जाऊबाई डोळे न सोडताच मागं वळल्या. “बाबा, सांगनाराला हुंकार द्यावा लागतो. न्हाईतर त्यो थांबतो.”

“न्हाई थांबत हो. मशीन हाय ते. बसा गप.”

त्या खरंच गप्प बसल्या. दोन मिनिटं गेली नसतील, पडदा पांढरा झाला आणि दिवे लागले. मध्यंतर! जाऊबाई नुसतं एवढंच म्हणाल्या, “बघा. मी म्हनलं हुतं.” पोरं हसून खुर्चीवरून खाली पडायची राहिली. पण पोरं मनानं चांगली. मध्यंतरानंतर जाऊबाईंनी हुंकार दिला की मागून तेही चौघं “हं!” म्हणायला लागले. आधी चेष्टेत, मग सवयीनं. मीसुद्धा एकदा दिला. कुणाला ऐकू गेला नसेल, पण दिला.

असा सिनेमा शेवटाला आला. तो माणूस परत निघाला, घोंगडी खांद्यावर टाकली, आणि पडद्यावरचं सगळं बोलणं थांबलं. नुसती बासरी. कुणी एक शब्द बोलेना. जाऊबाईंचा हुंकार तोंडातच राहिला. त्यांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली. “धाकले, काय झालं? कोन बोलत कावून न्हाई?”

“अक्का, मुकंच आहे.”

“मंग तू वाच.”

समोर भिंत नव्हती. मागं पोरं, बाजूला अनोळखी माणसं, आणि मी आयुष्यात अशा ठिकाणी तोंड उघडलेलं नव्हतं. पण बांगडी रुतत होती. मी पडद्याकडं तोंड केलं, तीच भिंत समजले, आणि वाचतात तसं हळूहळू सांगायला लागले. “त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो शीव ओलांडून आत आला. कुत्रं पुढं पळालं. गल्लीत कुणी नाही. त्यानं दाराची कडी वाजवली.”

“हं.”

“तिनं दार उघडलं. तो दारात उभा आहे.”

“आला?”

“आला, अक्का. हसतोय.”

त्यांनी विचारलं, “कसा?”

पडद्यावर तो गोरापान माणूस सगळे दात काढून हसत होता. भिंतीएवढे दात. मी म्हटलं, “तोंड मिटून.”

“हं,” जाऊबाई म्हणाल्या. मागची पोरं या वेळी गप्प होती. दिवे लागले तरी जाऊबाईंनी पदर सोडला नाही. तो भिजला होता.

घरी येऊन शिरा झाला, समाप्ती झाली, पाट उचलला. गोष्ट खरं तर इथं संपायची. पण थेटरातून बाहेर पडतानाच जाऊबाई तिकिटाच्या खिडकीपाशी थांबल्या होत्या आणि आतल्या चष्मेवाल्या गृहस्थांना म्हणाल्या होत्या, “भाऊ, मी निस्तं ऐकलंय, बघितलं न्हाई. माझ्या तिकिटाचे अर्धे पैसे माघारी द्या. लेकीच्या कष्टाचे हायेत.”

ते म्हणाले, “मावशी, डोळे बांधून बसायचं अर्धं तिकीट अजून निघालं नाही.”

“मंग काढा,” म्हणून जाऊबाई निघाल्या. त्यानंतर योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला गेलं की देवीनंतर थेटराची खिडकी ठरलेली. मी लाजेनं दहा हात लांब उभी. तो सिनेमा कधीच उतरला, दुसरे आले, तेही गेले. गृहस्थ आधी हसत, मग वैतागत, मग विचारायला लागले, “बरं, सांगा तरी काय ऐकलं?” जाऊबाई सांगायच्या, पण सिनेमा नाही, पुस्तक. दर खेपेला एक अध्याय. पुढं पुढं गृहस्थांनी खिडकीबाहेर एक स्टूल ठेवलं.

अलीकडे जाऊबाईंना कमी ऐकू येतं. मला ओरडून वाचावं लागतं, आणि अशी मी लाजरी, माझं वाचन आता अर्ध्या गल्लीला ऐकू जातं. गिरणीवालासुद्धा कधी ओट्यावर येऊन बसतो. आपल्याला यात कोण केलंय ते बघायला येतो म्हणे. जाऊबाई अजून विचारतात, तुला भावजी कसे दिसतात ग वाचताना? मी म्हणते, तुम्ही सांगता तसेच. खरं सांगायचं तर त्यांना मी आधी कधी बघितलंच नव्हतं, नुसती फुलं दिसायची. आता दिसतात. पण सगळ्या दातांनिशी दिसतात. ते मी जाऊबाईंना सांगणार नाही. सिनेमा मी डोळे उघडे ठेवून बघितला, त्याला इलाज नाही.

परवा मंगळवारी पुन्हा गेलो होतो. खिडकीवर गर्दी नव्हती. जाऊबाई स्टुलावर बसून शेवटच्या अध्यायापर्यंत आल्या आणि थांबल्या. गृहस्थांनी विचारलं, “मग? घरी आला का?”

जाऊबाईंना ऐकू गेलं नाही, मी कानाशी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “त्ये हिला इचारा. शेवट हिनं सांगितला.”

मी जाळीजवळ गेले. दारात उभा राहिला म्हटलं, हसला म्हटलं. “तोंड मिटून,” म्हटलं.

गृहस्थांनी तो सिनेमा किती वेळा बघितला असेल कोण जाणे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग गल्ला उघडला नाही, स्वतःच्या खिशातून पैसे काढले आणि खिडकीतून जाऊबाईंच्या हातावर ठेवले.

जाऊबाईंनी नोटा उलटसुलट करून बघितल्या. “भाऊ, ह्ये जास्त हायेत. मी अर्धेच मागितल्ते.”

“सगळेच घ्या, मावशी. तो शेवट आमच्या सिनेमात नव्हता.”

“काय म्हनतेत?” जाऊबाईंनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं, “पूर्ण फिटले म्हणतात, अक्का.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि नोटा पदराच्या गाठीत बांधल्या.